नवरा बोटीवर असताना आययूआय? वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल माहिती हवी

कुडाळची_सून

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय असा की गावात कुणाला विचारायची सोय नाही. सकाळी विचारलं तर संध्याकाळी बाजारात कळतं.

मी ३१, नवरा ३४. तो मर्चंट नेव्हीत, इंजिन रूमला. लग्नाला चार वर्षं झाली. सहा-आठ महिने बोटीवर, मग दोन-तीन महिने घरी, असं चाललंय. मूल नाही. माझ्या तपासण्या झाल्या: थायरॉइड, सोनोग्राफी, एएमएच (बीजांचा साठा बघायची रक्ततपासणी). सगळं ठीक. सासूबाईंनी ग्रामदेवतेला कौल लावला, गाऱ्हाणं घालून झालं, त्याला माझी ना नाही. नवऱ्याची तपासणी मात्र एकही नाही. "माका काय धाड भरली हा?" हे त्याचं उत्तर.

आता गणपती करून तो परत जॉइन होणार. इथल्या डॉक्टरांनी सुचवलं की जाण्याआधी वीर्य गोठवून ठेवा, म्हणजे तो नसतानाही आययूआय (वीर्य बारीक नळीने गर्भाशयात सोडणं) करता येईल. ऐकून बरंही वाटलं आणि धडकीही भरली. गोठवलेलं चालतं का? किती दिवस टिकतं? तो इथे नसताना मी एकटीने हे केलं तर कायद्यात बसतं का? आणि मुळात याची गरज आहे का?

रापणकर_मालवण

माका ह्यातला काय कळणा नाय, पण एक सांगतंय. आमच्या वाडीतले निम्मे झील बोटीर नायतर गल्फात. गणपतीक आणि शिमग्याक घराक येतत. त्येंच्या बायकांका सगळी इचारतत, "अजून काय नाय?" घोव घराक किती दिस असता, ता कोण मोजणा नाय.

लॅबवाला_परळ

मूळचा चिपळूणचा, मुंबईत एका फर्टिलिटी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, तेव्हा औषधांचं मला विचारू नका. बाकी जे रोज हाताखालून जातं ते सांगतो.

पहिलं म्हणजे रापणकरांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. वंध्यत्व कधी म्हणायचं? जोडपं एकत्र राहतंय, नियमित संबंध आहेत, कुठलंही साधन वापरत नाहीत, आणि तरीही वर्षभरात दिवस राहिले नाहीत तर. बाईचं वय पस्तीसच्या पुढे असेल तर सहा महिने. ताई, तुमच्या चार वर्षांतले एकत्र राहिलेले महिने मोजा. त्यातही बीज सुटल्यावर ते १२ ते २४ तासच जगतं, शुक्राणू आत फार तर पाच दिवस. म्हणजे महिन्यातले उपयोगाचे दिवस पाच-सहा. त्यातले काही गणपतीच्या पाहुण्यांत, काही मुंबईला कंपनीच्या मेडिकलमध्ये गेले असतील तर हिशेब आणखी खाली येतो. तुम्हाला काही दोष आहे असं अजून कुणी सिद्धच केलेलं नाही. दोघांनाही.

दुसरं. गोठवायच्या आधी तपासणी. वीर्याची तपासणी, म्हणजे सिमेन अ‍ॅनालिसिस ही या सगळ्या प्रकारातली सगळ्यात स्वस्त आणि बिनत्रासाची तपासणी, आणि नेमकी तीच सगळ्यात शेवटी होते. मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाचा काही ना काही वाटा असतो. मी अशा बायका पाहिल्यात ज्यांची लॅप्रोस्कोपी (पोटाला छेद देऊन दुर्बिणीने तपासणी) होऊन गेली आणि नवऱ्याने तोवर डबीत नमुना दिलेला नाही. याला माझ्याकडे सभ्य शब्द नाही.

नमुना दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर द्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालच्या मर्यादा अशा: प्रमाण १.४ मिली, संख्या मिलीमागे १ कोटी ६० लाख, हालचाल करणारे ४२ टक्के, सरळ पुढे जाणारे एकूणातले ३० टक्के, ठीक आकाराचे ४ टक्के. हो, चारच. रिपोर्टमध्ये "९५ टक्के अ‍ॅबनॉर्मल" वाचून माणसं ढसाढसा रडलेली आहेत, आणि तो रिपोर्ट नॉर्मल होता. याच्याखाली गेलं म्हणजे मूल होणारच नाही असंही नाही, आणि वर असलं म्हणजे होणारच असंही नाही. एक रिपोर्ट वाईट आला तर परत करतात. शुक्राणू तयार व्हायला सत्तरेक दिवस लागतात, म्हणून मध्ये तीनेक महिने जाऊ देतात.

आता इंजिन रूम. वृषणांचं तापमान शरीरापेक्षा दोन-चार अंशांनी कमी लागतं, म्हणून तर ती बाहेर असतात. सततच्या उष्णतेचा परिणाम होऊ शकतो. तुमच्या नवऱ्याला झालाय का ते रिपोर्टच सांगेल. पण वरचे सत्तर दिवस लक्षात घेतले तर बोटीवरून उतरल्या उतरल्या दिलेला नमुना बोटीवरच्या दिवसांचा असतो. सुट्टीच्या शेवटी दिलेला घरच्या दिवसांचा. जमलं तर दुसरा गोठवा.

कुडाळची_सून

लॅबवालादादा, हे आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. महिने मोजले. आकडा इथे लिहीत नाही, पण वर्षाच्या फार पुढे जात नाही. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या गप्प झाल्या आणि कांदा चिरायला घेतला.

गोठवण्याचं सांगा ना.

गोठ्यातला_पाहुणा

लॅबवाले लिहीपर्यंत मी थोडं अवांतर करतो. पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरी केली, आता निवृत्त, मुक्काम लांजा. कृत्रिम रेतन म्हटलं की माणसं दचकतात, पण कोकणातल्या कुठल्याही गोठ्यात विचारा, गाय माजावर आली की बैल कोण शोधतो? मोटरसायकलच्या मागे नायट्रोजनचा कंटेनर बांधून आमचा माणूस येतो. त्या कंटेनरातली वीर्य भरलेली कांडी आणि तुमच्या लॅबमधली कांडी भावंडंच.

इतिहासही गमतीचा आहे. १९४९ मध्ये इंग्लंडात पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांना आढळलं की ग्लिसरॉल घातलं की शुक्राणू गोठूनही जगतात. प्रयोग कोंबड्याच्या शुक्राणूंवर. १९५१ ला गोठवलेल्या वीर्यापासून वासरू झालं. १९५३ ला अमेरिकेत माणसाची मुलं. आधी कोंबडा, मग गाय, मग माणूस.

खाडीपलीकडे

गुरांचं गुरांना ठीक आहे. माणसाने निसर्गात इतकी ढवळाढवळ करावी का? नशिबात असेल तर होतं. नाहीतर दत्तक घ्या, कितीतरी मुलं वाट बघतायत.

मधली_आळी_दापोली

@खाडीपलीकडे, चष्मा वापरता का हो? तीही ढवळाढवळच. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईत केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हाताखाली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हाही हेच बोलणारे होते. दत्तक घेणं उत्तमच, पण ते ज्याला घ्यायचंय त्याने घ्यावं. मूल नसलेल्या बाईला दत्तकाचा सल्ला देणाऱ्या किती जणांनी स्वतः घेतलंय, ते एकदा मोजा. आणि कृपया विषय सोडून या धाग्यावर भांडणं नकोत.

ताई, आमचं आययूआय झालेलं आहे, नवऱ्याच्या ताज्या नमुन्याने. प्रत्यक्षात काय होतं ते सांगते, कारण गुगलवर बाणांची चित्रं असतात आणि एसटीची वेळ नसते.

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बीज वाढवायच्या गोळ्या. मग नवव्या-दहाव्या दिवसापासून फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे एक दिवसाआड सोनोग्राफी. बीजाची पिशवी किती मिलिमीटर झाली ते बघतात. अठरा-वीसच्या घरात गेली की ट्रिगरचं, म्हणजे बीज सुटायला लावणारं इंजेक्शन, आणि त्यानंतर साधारण दीड दिवसाने आययूआय. कोकणात खरी अडचण इथेच आहे. प्रक्रिया पाच-दहा मिनिटांची, पण ती कुठल्या दिवशी ते दोन दिवस आधी कळतं. पावसात घाट बंद, कोकण रेल्वेचं तिकीट वेटिंगवर, आणि बीज काही थांबत नाही. आम्ही शेवटी असं केलं की सोनोग्राफी दापोलीतच, रिपोर्ट डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि ट्रिगर ठरला की मगच बॅग भरायची. तुमच्या डॉक्टरांना ही विभागणी चालते का ते आधीच विचारून घ्या. काहींना दुसऱ्याची सोनोग्राफी चालत नाही.

आययूआयच्या आधी नळ्या उघड्या आहेत का ते बघायला एचएसजी करतात. तुमच्या यादीत ती दिसली नाही. नळ्या बंद असतील तर आययूआयचा काही उपयोग नाही, कारण बीज आणि शुक्राणूंची भेट नळीतच होते. एचएसजी दुखते. "थोडंसं" म्हणतात, पण मला थोडंसं नव्हतं. आधी वेदनाशामक घ्यायचं का ते विचारा.

प्रत्यक्ष आययूआय दुखलं नाही. बारीक नळीने आत सोडतात, दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं, मग घरी. दोन आठवड्यांनी टेस्ट. हे दोन आठवडे कोणत्याही इंजेक्शनपेक्षा वाईट. त्या काळात घरात कुणी "काय वाटतंय?" असं विचारायचं नाही, हा नियम आधीच करून टाका.

लॅबवाला_परळ

दापोलीकरांनी माझं अर्धं काम केलं. त्यात एक भर. ताजा नमुना क्लिनिकमध्येच द्यावा हे उत्तम. घरून आणायचा तर तासाभरात पोचला पाहिजे, डबी शर्टच्या आत अंगाशी धरून. फ्रिजमध्ये नाही, गाडीच्या डिकीत नाही. तेल, साबण, साधा निरोध काही वापरायचं नाही.

आता गोठवणं. आधी रक्ताच्या तपासण्या: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस. नमुना संरक्षक द्रावणात मिसळून कांड्यांत किंवा छोट्या कुप्यांत भरतात, टप्प्याटप्प्याने थंड करतात आणि उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. तिथे त्याचं वय वाढत नाही. वीस वर्षांहून जुन्या नमुन्यापासून मूल झाल्याची नोंद आहे. खराबी होते ती गोठताना आणि वितळताना. हालचाल करणाऱ्यांपैकी निम्मे वितळल्यावर हलत नाहीत, कधी त्याहून जास्त. म्हणून आमच्याकडे थोडासा भाग लगेच वितळवून बघतात. ती चाचणी मागून घ्या आणि तिचा कागदही मागून घ्या.

याचा अर्थ असा. मुळात नमुना दणकट असेल तर गोठवलेल्यावर आययूआय करता येतं. धुऊन, म्हणजे हलणारे वेगळे काढून, हातात किमान पन्नास लाख ते एक कोटी हलणारे शुक्राणू उरावेत अशी डॉक्टरांची अपेक्षा असते. मुळातच काठावरचा असेल तर वितळल्यावर आययूआयपुरतं उरत नाही. मग तोच नमुना आयव्हीएफ-इक्सीला (लॅबमध्ये शरीराबाहेर शुक्राणू सुईने बीजात सोडणं) लागतो, कारण तिथे एका बीजाला एक शुक्राणू पुरतो. हा रस्ता वेगळा, खर्च कितीतरी पट. वितळलेले शुक्राणू ताज्यांपेक्षा कमी वेळ तग धरतात, त्यामुळे वेळ आणखी काटेकोर साधावी लागते.

यशाबद्दल कुणी तुम्हाला "हमखास" म्हणालं तर चप्पल घाला आणि बाहेर या. ताज्या नमुन्याचं आययूआयसुद्धा एका सायकलला, म्हणजे पाळीच्या एका फेरीला, साधारण दहा ते वीस टक्के, वयानुसार कमीजास्त. गोठवलेल्याचं थोडं कमीच धरा. तीन-चार सायकल करून बघतात, नाही झालं तर पुढचा विचार करतात.

म्हणून माझं मत: गोठवणं हा तुमच्यासाठी जोडधंदा आहे, मुख्य धंदा नव्हे. तो घरी असताना बीज सुटण्याचे दिवस साधा. सुट्टी पुढची ठरवताना कंपनीकडून तारखा आधी घेता आल्या तर घ्या. गोठवून जरूर ठेवा, कारण एक-दोन नमुने ठेवण्यात तोटा नाही. कंपनीच्या मेडिकलला मुंबईत यायचंच आहे, त्याच आठवड्यात दोन-तीन दिवसांच्या अंतराने नमुने देता येतात. पण ते आहेत म्हणून सुट्टीतले महिने वाया घालवू नका.

रापणकर_मालवण

ह्या सगळ्याक खर्च किती येता?

मधली_आळी_दापोली

आमच्या वेळी गोळ्या, इंजेक्शनं, सोनोग्राफ्या आणि आययूआय मिळून एका सायकलला दहा हजारांच्या पुढेच गेले. इंजेक्शनं भारी लागली तर आणखी. वर जाणं-येणं आणि बुडालेली मजुरी वेगळी, ती कुठल्याच कोटेशनमध्ये नसते. गोठवण्याला आधी एक रक्कम आणि मग वर्षाला भाडं. भाडं थकलं तर नमुन्याचं काय होतं, हा प्रश्न फॉर्मवर सही करण्याआधी विचारायचा.

वकीलीण_अलिबाग

कायद्याचं मी सांगते. २०२१ चा सहायक जननतंत्रज्ञान कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. शुक्राणू किंवा बीज शरीराबाहेर हाताळून गर्भधारणेचा प्रयत्न, म्हणजे आययूआयही यात आलं. फक्त आययूआय करणारं केंद्रही नोंदणीकृत हवं, त्याला लेव्हल १ म्हणतात. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर नसेल तर मागा. लाजू नका.

नवरा बोटीवर असताना करता येतं का? त्याची लेखी संमती असेल तर येतं. गोठवण्याची संमती वेगळी आणि वापरण्याची वेगळी, दोन्ही तो इथे असताना सही करून ठेवू दे. त्याच फॉर्ममध्ये एक रकाना असतो जो सगळे रिकामा सोडायला बघतात: दोघांपैकी कुणाचं बरंवाईट झालं तर नमुन्याचं काय करायचं. तो भरा. दर्यावर जाणाऱ्या माणसाच्या घरात हा विषय काढणं अवघड, मला कळतं. दिल्ली उच्च न्यायालयात एक प्रकरण गेलं होतं. अविवाहित तरुणाने केमोथेरपीआधी वीर्य गोठवून ठेवलं, पुढे तो वारला, आणि रुग्णालयाने ते आईवडिलांना द्यायला नकार दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये निकाल आईवडिलांच्या बाजूने लागला. मुलगा २०२० मध्ये गेला होता. चार वर्षं. एका ओळीच्या लेखी सूचनेने यातली बरीचशी वाचली असती.

वयाची अट बाईला २१ ते ५०, पुरुषाला २१ ते ५५. मुलगा-मुलगी निवडून देतो म्हणणारा गुन्हेगार आहे, तुरुंगाची तरतूद आहे.

समुद्राची_हवा

वकीलीणबाई, एक विचारू का? नवऱ्याच्या रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य आले तर? आमच्या नात्यात एका ठिकाणी "घरातलंच काहीतरी करू" असं बोलणं झालं होतं. म्हणजे दिराचं. मला ते ऐकूनच कसंतरी झालं.

वकीलीण_अलिबाग

नाही चालत. दात्याचे शुक्राणू नोंदणीकृत बँकेकडूनच, दात्याची ओळख गुप्त, दाता २१ ते ५५ वयाचा, आणि एका दात्याचे शुक्राणू एकाच जोडप्याला. होणारं मूल कायद्याने त्या जोडप्याचंच, दात्याचा त्यावर काही हक्क नाही. "घरातल्या घरात" करून देणारा कुणी भेटला तर तो दोघांनाही गोत्यात आणतोय. आणि बाईला कुणी विचारलंय का, हा कायद्याच्याही आधीचा प्रश्न.

लॅबवाला_परळ

शून्य आले तरी लगेच दात्याकडे उडी नको. कधी शुक्राणू तयार होत असतात, वाट बंद असते. अशा वेळी वृषणातून सुईने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने काढून इक्सी करतात. युरोलॉजिस्टला, त्यातल्या त्यात अ‍ॅण्ड्रॉलॉजी (पुरुषांचं वंध्यत्व) बघणाऱ्याला दाखवा.

आंबेवाला_राजापूर

धाग्याच्या विषयाशी थेट नाही, पण माझ्या भाच्याचं लिहितो. विशी ओलांडलेला पोरगा, वृषणाचा कॅन्सर निघाला. मुंबईला नेला. ऑपरेशन, केमो, सगळी धावपळ. त्यात एका ज्युनियर डॉक्टरने बाजूला घेऊन विचारलं, "स्पर्म बँकिंग करायचंय का? केमो सुरू व्हायच्या आत." आम्ही सगळे मामा-काका खाली मान घालून उभे. पोरगं मरणाच्या दारात आणि हे काय विचारतायत, असं माझ्या मेव्हण्याच्या तोंडावर दिसत होतं. पोरगाच म्हणाला, "करायचंय." एकटा रिक्षाने गेला, देऊन आला. आता बरा आहे, नोकरीला आहे, स्थळं बघतोय. मुलीकडच्यांना काय आणि कधी सांगायचं यावर घरात रोज तमाशा चालू असतो.

लॅबवाला_परळ

आंबेवाले, त्या ज्युनियर डॉक्टरला माझा नमस्कार सांगा. केमो आणि रेडिएशनने शुक्राणू कायमचे जाऊ शकतात. परतही येतात, पण कुणाचे येतील हे आधी सांगता येत नाही. म्हणून पहिल्या केमोच्या आधी. एक-दोन दिवसांत होतं, उपचार लांबत नाहीत. वयात आलेल्या मुलाचंही करता येतं, लग्न झालेलं असण्याची गरज नाही. नमुना कमी असला तरी ठेवावा, इक्सीला थोडे पुरतात. घरातल्या वडीलधाऱ्यांनी संकोच बाजूला ठेवून डॉक्टरांना विचारावं, कारण डॉक्टरही गर्दीत विसरतात.

स्थळांचं मात्र तुम्ही घरातच भांडा. पण मुलाला विचारून.

कुडाळची_सून

सगळ्यांचे आभार. अपडेट देते. नवऱ्याने तपासणी केली. मी काही बोलले नाही, फक्त हा धागा उघडून मोबाईल त्याच्या हातात दिला आणि पाणी भरायला गेले. परत आले तर तो कोंबड्याचा परिच्छेद वाचून हसत होता. रिपोर्ट ठीक आहे, हालचाल मर्यादेच्या थोडी वर. माझी एचएसजी पुढच्या पाळीनंतर. डॉक्टर म्हणाले, या सुट्टीत सोनोग्राफीवर बीज बघून दिवस साधा, आययूआयची घाई नको. जाण्याआधी मुंबईत नमुने ठेवू.

शेवटचा प्रश्न. मुंबईत ठेवलेलं पुढे कोल्हापूरला किंवा गोव्याला नेता येतं का? मला दर वेळी मुंबई जमणार नाही.

लॅबवाला_परळ

येतं. ड्राय शिपर नावाचा पिंप असतो, त्यात नायट्रोजन आतल्या थरात शोषलेला असतो, सांडत नाही आणि काही दिवस थंडी धरून राहतो. नोंदणीकृत ठिकाणाहून नोंदणीकृत ठिकाणी, दोघांच्या सहीचं पत्र, नमुन्याचा रिपोर्ट आणि रक्ततपासण्यांच्या प्रती सोबत. दोन्ही क्लिनिकना आधी एकमेकांशी बोलायला लावा, कारण घेणाऱ्याने "आम्ही बाहेरचा नमुना घेत नाही" म्हटलं तर पिंप परत फिरतो आणि भाडं तुमच्या माथी बसतं. सगळ्या कुप्या एकदम हलवू नका, एखादी मुंबईतच राहू द्या.

गोठ्यातला_पाहुणा

आणि एसटीच्या टपावर ठेवू नका म्हणावं. आम्ही ठेवलाय.